मुक्या घंटांचे तीन दिवस

वसई म्हटले की आम्हां महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढे प्रथम चिमाजी अप्पा उभे राहतात. सन १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांपासून घेतला, ही गोष्ट आपण शाळेत घोकलेली असते. पुढे कधी भीमाशंकरास, मेणवलीस किंवा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात जाण्याचा योग आला, म्हणजे तेथील भली थोरली घंटा दाखवून पुजारी सांगतो, की ही वसईच्या विजयातील. आम्हीही लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून भीमाशंकराच्या घंटेला हात लावलेला आहे. परंतु ज्या मनोऱ्यांतून त्या घंटा उतरल्या, त्या मनोऱ्यांखाली बसणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले, ती अजून देवास कोणत्या शब्दांनी व कोणत्या सुरांत हाक मारतात, हा प्रश्न आमच्या मनात त्या वेळी आला नाही व नंतरही पुष्कळ वर्षे आला नाही.

तो आला एका घरगुती कारणाने. सन २०२३ च्या माघात आमच्या चिरंजीवांची मुंज झाली. मुलगा दहा वर्षांचा, बुद्धीने चलाख. संध्येचे मंत्र त्याने आठ दिवसांत पाठ केले, पण नवव्या दिवशी पळी खाली ठेवून त्याने आम्हांस विचारले, "बाबा, मी हे जे म्हणतो, त्याचा अर्थ काय?" गायत्रीचा अर्थ आम्ही सांगितला. पुढच्या मंत्रावर आम्ही अडखळलो आणि त्यापुढच्या मंत्रावर अगदीच थांबलो. उपाध्याय नि:संशय सज्जन. परंतु त्यांनीही "मोठा झालास की कळेल" एवढ्यावरच त्याची बोळवण केली. आम्हांस लाज वाटली. चाळीस वर्षे जे आपण म्हणत आलो, ते आपण कधी ऐकलेच नाही, असे त्या दिवशी प्रथम ध्यानात आले.

ही हकीकत आमच्या एका वसईकर कॅथॉलिक स्नेह्यांच्या कानी गेली, तेव्हा ते हसून म्हणाले, "तुमच्या घरात जे आता सुरू झाले आहे, ते आमच्या घरात साठ वर्षांपूर्वी होऊन गेले. पवित्र सप्ताहात या, म्हणजे दाखवतो." याप्रमाणे आमचे सहकुटुंब वसईस जाणे ठरले. गावाचे व स्नेह्यांचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. कारण पुढील मजकुरात एका घरातील व एका गायकवृंदातील मतभेदाची गोष्ट आहे, आणि पाहुण्याने यजमानाची भांडणे नावानिशी छापू नयेत.

ख्रिस्ती लोकांचा ईस्टर कधी येतो, याचे कोडे आमच्या पुष्कळ वाचकांस पडत असेल. त्याची गणना चंद्रावरच आहे. एकवीस मार्च रोजी किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. तेव्हा पुष्कळदा आपली चैत्री पौर्णिमा आणि त्यांचा पवित्र सप्ताह एकमेकांना लागूनच येतात. २०२३ साली तर ६ एप्रिल रोजी इकडे हनुमानजयंती व तिकडे पवित्र गुरुवार, असा योग जुळला होता. सूर्योदयी जन्म करून, सुंठवड्याची पुडी बरोबर घेऊन आम्ही पुण्याहून निघालो आणि दादरला गाडी बदलली. भाईंदर मागे पडून खाडीचा पूल लागला, की वाऱ्याला निराळाच खारट वास येतो. वसई रोड स्थानकाबाहेर उंच इमारतींची अशी काही गर्दी उसळली आहे, की आपण मुंबई सोडलीच नाही असे वाटावे. परंतु पश्चिमेकडे समुद्राच्या बाजूस अर्धा तास गेले, म्हणजे हळूहळू जुनी वसई वर येते. केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव, गोड्या पाण्याची बावखले, आणि वाटेच्या वळणावळणावर झेंडूचे हार घातलेले पांढरे क्रूस. दारावरच्या पाट्यांवर परेरा, लोपीस, तुस्कानो अशी नावे. आणि त्याच दाराआड चाललेले बोलणे मात्र मराठीच्या एका गोड, अपरिचित बोलीतले.

ही बोली सामवेदी किंवा कादोडी या नावाने ओळखली जाते. हिंदू सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी म्हणविणारे ख्रिस्ती हे दोन्ही समाज या टापूत शेजारी नांदतात व दोघांची बोली जवळजवळ एकच आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगिजांस दिली; त्यानंतरच्या दोनशे वर्षांत येथील पुष्कळ कुळे ख्रिस्ती झाली. धर्म पालटला, पण भाकरी, बोली आणि बाग पालटली नाही. १७३९ साली पोर्तुगीज गेले तरी ही माणसे येथेच राहिली, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. नागासाकी येथे १५९७ साली क्रूसावर मरण पावलेले संत गोन्सालो गार्सिया हे याच वसईत जन्मलेले, आणि उस्मानाबाद येथील त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद २०२० साली ज्यांनी भूषविले, ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेही येथलेच. दिब्रिटोंनी बायबल सुबोध मराठीत आणले. २०२४ साली ते निवर्तले. आम्ही गेलो तेव्हा ते हयात होते, परंतु भेटीचा योग आला नाही याची हळहळ वाटते.

स्नेह्यांच्या घरी त्यांचे वडील ओटीवर बसले होते. वय एकोणऐंशी, सर्व घर त्यांना बाबा म्हणते. आमच्या मंडळींनी संकोचतच सुंठवड्याची पुडी पुढे केली. बाबांनी ती दोन्ही हातांत घेतली, चिमूटभर तोंडात टाकली व म्हणाले, "आमचा हा उपासाचा काळ, पण सुंठ चालते." येथेच आमचा संकोच गळाला. स्नुषाबाईंनी तांदळाच्या भाकरी व वालाची उसळ वाढली. मुलाच्या हातावर सुकेळी ठेवली. वसईच्या उन्हात वाळवलेले हे केळे म्हणजे खजुराचा धाकटा भाऊच म्हणावा.

जेवणे चालली असतानाच मतभेदाची गोष्ट कळली. त्या संध्याकाळच्या मिस्सानंतर पवित्र संस्काराची मिरवणूक निघावयाची होती. त्या वेळी म्हणावयाचे लॅटिन स्तोत्र तेराव्या शतकातील संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांचे आहे. त्याची सहा कडवी. या गावी अनेक वर्षांचा प्रघात असा, की पहिली चार कडवी मराठीत म्हणावयाची आणि वेदीजवळ पोहोचल्यावर शेवटची दोन मूळ लॅटिनमध्ये. ही दोन कडवी म्हणणारी जुनी माणसे एकेक करीत गेली; आता बाबा धरून चार उरली होती. गायकवृंदाची प्रमुख एक तरुण प्राध्यापिका. तिने यंदा सहाही कडवी मराठीतच बसविली होती. बाबांना ते रुचले नव्हते.

"साठ वर्षे मी ते म्हणतो आहे," ते म्हणाले. "माझ्या आईच्या वेळीही तेच होते."

त्यांनी कपाटातून एक वही आणून आमच्यापुढे ठेवली. कागद पिवळा पडलेला, शाई तांबूस. शब्द लॅटिन, पण अक्षर बाळबोध! लॅटिन लिपी वाचता न येणाऱ्या मुलांसाठी कोणा गुरुजींनी सर्व स्तोत्रे देवनागरीत उतरवून दिली होती, व बाबांनी त्यांची नक्कल केली होती. वेदीवर धर्मगुरूंच्या सेवेस उभा राहणारा मुलगा म्हणून १९५५ च्या सुमारास त्यांनी ही सर्व उत्तरे मुखोद्गत केली. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये म्हणत, मुलगा लॅटिनमध्ये उत्तर देई आणि मागे बसलेल्या बाया मराठीत जपमाळ ओढीत. आमचे चिरंजीव ही हकीकत डोळे विस्फारून ऐकत होते. ते का, हे वाचकांस सांगावयास नको.

संध्याकाळी आम्ही चर्चमध्ये गेलो. भिंती पांढऱ्या, छत लाकडी, वेदीमागे सोनेरी नक्षी. मूर्तींवर जांभळी वस्त्रे झाकलेली. पुरुष, बायका, मुले अशी शेकडो माणसे. तरी कोठे गडबड म्हणून नाही. मिस्साच्या आरंभी 'परमेश्वराचा महिमा' हे स्तोत्र सुरू झाले, त्याबरोबर मनोऱ्यातील घंटा व वेदीजवळच्या लहान घंटा एकदम वाजू लागल्या. स्तोत्र संपले व त्या थांबल्या. स्नेही आमच्या कानाशी लागून म्हणाले, "आता शनिवारच्या रात्रीपर्यंत घंटा नाही. पेटीसुद्धा फक्त आवाजाला आधार देण्यापुरती." पुढे जेथे घंटा वाजावयाची तेथे एका मुलाने लाकडी फळीवर लाकडी हातोडी आपटली. तो कोरडा, रुक्ष आवाज ऐकून अंगावर काटा आला. घरात मृत्यू झाला असता आपल्याकडे जसे मंगल वाद्य वाजत नाही, तसेच हे.

प्रवचनानंतर धर्मगुरूंनी कंबरेस पंचा बांधला आणि गावातील बारा जणांचे पाय गुडघे टेकून धुतले. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याचे हे स्मरण. या बारांत पूर्वी पुरुषच असत. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांसही मोकळीक दिली. आम्ही पाहिले त्या बारांत एक कोळीण होती. पाय पुढे करताना ती इतकी लाजली, की शेजारणीने तिचा हात धरला.

नंतर मिरवणूक निघाली. धूप, मेणबत्त्या, आणि धर्मगुरूंच्या हातांत शालीच्या पदराने झाकलेले पात्र. गायकवृंदाने वाद्याविना स्तोत्र उचलले. चाल जुनीच होती. शब्द तेवढे मराठी. युरोपातील जुने ग्रेगोरियन गान आम्ही पूर्वी तबकडीवर ऐकले होते, प्रत्यक्ष कधी नाही. त्यात ताल नाही, निरनिराळ्या आवाजांचा मेळ नाही; सर्वांचा एकच स्वर, शब्दाच्या ओझ्याने चालणारा, आणि एखाद्या अक्षरावर रेंगाळून वर-खाली वळणारा. सामगानात अक्षरे कशी लांबविली जातात, हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांस या वळणाचा परकेपणा वाटणार नाही. दोहोंत काही नाते आहे असे आमचे म्हणणे नाही. देवापुढे ठेका सोडून द्यावा असे माणसास दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचले असावे, एवढेच. पाचवे कडवे आले. तेही मराठीत झाले, सहावेही झाले. आम्ही बाबांकडे पाहिले. ते ताठ उभे होते, आणि त्यांचे ओठ मिटलेले होते.

त्या रात्री वेदीवरची वस्त्रे काढून घेतली, मेणबत्त्या उचलल्या. दगड तेवढा उघडा राहिला. मध्यरात्रीपर्यंत माणसे आळीपाळीने संस्कारापुढे बसून होती. बाहेर हनुमानजयंतीचा पूर्ण चंद्र केळीच्या पानांवर पडला होता.

शुक्रवारी जगातील कोणत्याही कॅथॉलिक देवळात मिस्सा होत नाही. दुपारी तीनच्या सुमारास विधीस आरंभ झाला तो असा, की धर्मगुरू मुकाट्याने आत आले व उघड्या वेदीपुढे त्यांनी साष्टांग दंडवत घातला. सर्व लोकांनी गुडघे टेकले. किती वेळ गेला कोण जाणे. एक मूल रडले तेवढाच आवाज. पुढे योहानाच्या शुभवर्तमानातून येशूच्या दु:खसहनाची कथा तीन आवाजांत वाचली गेली. निवेदन एकाचे, येशूचे शब्द धर्मगुरूंचे, इतरांचे बोलणे तिसऱ्याचे. आणि "त्याला क्रूसावर चढवा" असे ओरडणाऱ्या जमावाचे शब्द मात्र साऱ्या मंडळींनी म्हणावयाचे. हे आम्हांस फार विलक्षण वाटले. भक्ताने आपल्या देवाच्या मारेकऱ्याची भूमिका स्वत:च्या तोंडाने घ्यावयाची! आपल्या कीर्तनात हरिदास खलपुरुषाचा आवाज काढतो, पण श्रोते दूर असतात. येथे श्रोत्यास ती सोय नाही. हे सर्व मराठीत होते, म्हणून आमच्या मुलास कळले. आणि कळले म्हणूनच ते वाक्य आले तेव्हा तो आईला बिलगला.

संध्याकाळी पाद्रीसाहेबांची भेट झाली. मनुष्य व्यासंगी व विनोदी. आम्ही विचारले, की लॅटिन सोडून आपण काही गमावले नाही काय? ते म्हणाले, "रोममधल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांची उपासना ग्रीकमध्ये चाले. पुढे लोकांस ग्रीक कळेनासे झाले, म्हणून चौथ्या शतकाच्या सुमारास लॅटिन आली. लॅटिन ही त्या वेळची मराठीच. तरी 'कीरिये' हा ग्रीक शब्द मागे राहिला, आणि 'आमेन' व 'हालेलुया' हे तर त्याहून जुने, हिब्रू. भाषा बदलते, पण जाताना उंबरठ्यावर काही तरी ठेवून जाते."

त्यांच्याकडून आम्हांस या बदलाचा क्रम समजला. १९६२ ते १९६५ या काळात रोम येथे धर्मसभा भरली, ती दुसरी व्हॅटिकन परिषद. तिने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा लेख मंजूर केला. त्याने लोकभाषेस दार उघडले. ग्रेगोरियन गानास अग्रमान आहेच असे बजावले. आणि त्याच दमात निरनिराळ्या देशांतील स्वत:च्या संगीतास योग्य स्थान द्यावे असेही सांगितले. मिस्साचे नवे रूप १९६९ च्या नोव्हेंबरअखेरीस लागू झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये हिंदुस्थानसाठी बारा गोष्टींस रोमची संमती आली होती: मांडी घालून बसणे, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, समई, आरती इत्यादी. यावरून दोन्ही बाजूंनी पुष्कळ वाद झाले. काही कॅथॉलिकांस हे हिंदू होणे वाटले, तर काही हिंदूंस हे आपल्या वस्तू पळविणे वाटले.

वाद्यांची कथा तर अधिकच गमतीची आहे. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमध्ये पियानो व ढोलासारखी गोंगाटाची वाद्ये यांस मनाई केली होती. परिषदेनंतर मराठी भजनांबरोबर तबला आणि बाजाची पेटी देवळात आली, ती 'देशी वाद्ये' म्हणून. आता ही पेटी मूळची पॅरिसची. तेथे दबें नावाच्या कारागिराने १८४२ साली तिचे पेटंट घेतले. ती युरोपातून येथे आली, कीर्तनात शिरली, नाटकात शिरली. आकाशवाणीने १९४० साली परकी म्हणून तिला बाहेर घातले व १९७१ पर्यंत आत घेतले नाही. आणि इकडे वसईच्या वेदीजवळ ती हिंदी संगीताची प्रतिनिधी म्हणून बसली! शुद्ध देशी किंवा शुद्ध परके असे काही निवडून काढू पाहणाऱ्याने या पेटीचे चरित्र अवश्य वाचावे.

मराठीत ख्रिस्ताचे गुणगान करणे हीही साठ वर्षांची नवलाई नव्हे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले. प्रॉटेस्टंट पंथात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन आणि कीर्तन रुजविले, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'च्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु कॅथॉलिक देवळात, वेदीवर, मुख्य विधीत मराठीस आसन मिळावयास मात्र विसाव्या शतकाचा सातवा दशक उजाडावा लागला. आमच्याकडे ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीता मराठीत आणली. तरी आमच्या देवघरातील विधी अजून संस्कृतातच आहे. तेव्हा कोण पुढे व कोण मागे, हे ठरविण्याच्या भरीस आम्ही पडलो नाही.

शनिवारी दुपारी घर सामसूम होते. ओटीवर बाबा आणि आमचे चिरंजीव, दोघेच. मुलाने ती वही उघडली. अक्षर देवनागरी, म्हणून तो घडाघड वाचू लागला. बाबा मध्ये मध्ये उच्चार सुधारीत होते. दोघांसही मोठी मौज वाटली. मग मुलाने, त्याच्या स्वभावाप्रमाणे, विचारले, "आजोबा, याचा अर्थ काय?"

बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अर्थ फादरना ठाऊक. आमचे काम म्हणण्याचे."

"माझ्या बाबांनाही अर्थ येत नाही," मुलगा म्हणाला.

आम्ही दाराआड होतो. पुढे येण्याचा धीर झाला नाही.

त्या रात्री साडेदहास चर्चचे सर्व दिवे मालवले. अंगणात नवा अग्नी पेटविला. पुरुषभर उंचीच्या मेणबत्तीवर क्रूस, ग्रीक वर्णमालेचे पहिले व शेवटचे अक्षर आणि चालू सालाचे आकडे कोरून ती त्या अग्नीवर लाविली. काळोख्या देवळात ती एकटी ज्योत घेऊन धर्मगुरू शिरले. तीन ठिकाणी थांबून, दर वेळी वरच्या पट्टीत, त्यांनी ख्रिस्ताच्या प्रकाशाचा घोष केला. आणि प्रत्येकाच्या हातातील लहान मेणबत्ती शेजाऱ्याच्या मेणबत्तीवरून पेटत गेली. आमच्याही हाती त्या होत्या. आमची मेणबत्ती त्या गुरुवारच्या कोळिणीने पेटवून दिली. पुढे त्या मोठ्या मेणबत्तीच्या स्तुतीचे दीर्घ स्तोत्र झाले. मूळ लॅटिनमध्ये तीत मेण देणाऱ्या मधमाश्यांचीही आठवण केली आहे, असे स्नेह्यांनी सांगितले. हा रात्रीचा विधी मध्यंतरी शेकडो वर्षे शनिवारी सकाळीच, भर उजेडात उरकीत असत; पोप बारावे पायस यांनी १९५१ पासून तो पुन्हा रात्री आणिला. जुने म्हणून जे मानले जाते ते मधलेच असते आणि नवे म्हणून ज्याची भीती वाटते ते पुष्कळदा अधिक जुने निघते, याचे हे एक उदाहरण.

जगाच्या उत्पत्तीपासूनचे पाठ एकामागून एक झाले. मग 'परमेश्वराचा महिमा' सुरू झाला, दिवे लागले, आणि मनोऱ्यातील घंटा सुटल्या. गुरुवारी त्या आम्ही ऐकल्या होत्या, पण त्या वेळी नुसत्या ऐकल्या होत्या. दोन दिवसांच्या मुकेपणानंतर तोच नाद छातीवर येऊन आदळला. आणि त्याच क्षणी, का ते सांगता येत नाही, भीमाशंकर आठवले. जी घंटा तेथे भक्ताच्या हाताने वाजते, ती एके काळी याच किनाऱ्यावर अशाच एका रात्री वाजत असेल; आणि ती गेल्यावरच्या पहिल्या ईस्टरला येथील लोकांनी काय वाजविले असेल? विजयाच्या त्या घंटेचा आम्हांस अभिमान होता, तो गेला नाही. पण त्याच्या शेजारी आता हा प्रश्नही येऊन बसला आहे, आणि तो उठेल असे वाटत नाही.

रविवारी सकाळी सणाच्या शुभेच्छा देण्यास शेजारपाजार लोटला. त्यांत ती प्राध्यापिकाही आली. बाबांनी आशीर्वाद दिला, पण दोन शब्दांत. अशा वेळी मोठी माणसे हवापाण्याचे बोलतात. आमचे चिरंजीव मात्र वही घेऊन सरळ तिच्यापुढे उभे राहिले. "ताई, याचा अर्थ तुम्हांला येतो?"

ती ओटीवरच बसली. ओळीवर बोट ठेवून बाबांनी म्हणावे आणि तिने अर्थ सांगावा, असा क्रम सुरू झाला. एवढ्या थोर संस्कारापुढे आपण मस्तक लववू या, हा पहिल्या ओळींचा भाव. पुढची ओळ आली. ती थांबली, किंचित घुटमळली, आणि म्हणाली, "आजोबा, इथे म्हटले आहे, की जुन्या विधीने आता नव्या विधीला जागा करून द्यावी."

ओटीवर अगदी शांतता पसरली. तिने घाईने खुलासा केला, की येथे जुना विधी म्हणजे जुन्या करारातील यज्ञबली, नवा म्हणजे येशूने स्थापिलेला संस्कार. भाषेशी याचा संबंध नाही. पण बाबांचे लक्ष तिकडे नव्हते.

"म्हणजे साठ वर्षे मी हेच म्हणत होतो?" त्यांनी विचारले, आणि मग त्यांना असे हसू लोटले, की डोळ्यांतून पाणी आले. स्नुषाबाई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या. हसणे ओसरल्यावर डोळे पुसून ते म्हणाले, "खरे आहे. पण हे सांगायला तरी जुनेच शब्द ठेवायला हवे होते, पोरी."

तीही हसली. क्षणभराने म्हणाली, "म्हणणारे चौघे उरलात, आजोबा. मुलांना नुसते पाठ करायला लावणे माझ्या जिवावर येते. तुम्ही शिकवा, मी अर्थ सांगते. मग पुढच्या वर्षी पाहू." बाबांनी होय म्हटले नाही व नाहीही म्हटले नाही. त्यांनी खिशातून लेखणी काढून तिच्या हाती दिली. तिने वहीतील प्रत्येक ओळीखाली बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिण्यास प्रारंभ केला. आम्ही निघालो तेव्हा दुसरे कडवे चालू होते.

परतीच्या गाडीत मुलगा झोपला. आमच्या मंडळींनी मात्र हळूच विचारले, "आपल्या घरची वही कोण लिहिणार?" उत्तर देण्याजोगे आमच्यापाशी काही नव्हते. पुण्यास आल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही सार्थ संध्येचे पुस्तक विकत आणले आणि संध्याकाळी मुलाशेजारी पाटावर बसलो. त्याने मंत्र म्हणावा, आम्ही अर्थ वाचावा. पहिल्या दिवशी दोनच मंत्र झाले. कारण दुसऱ्याचा अर्थ आम्हांस वाचूनही समजला नाही, आणि तो कळेपर्यंत पुढे जावयाचे नाही असे चिरंजीवांनी ठरविले.